चौसष्टवर थांबलेला काटा

धुरपदाबाई जळगावला यादव सपकाळेंच्या छोट्या कचेरीत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, ओल्या हिरव्या फडक्यात गुंडाळलेली. फडक्याची एक कड जळालेली होती.

“दवाखानामा गरम पानी मिळस, आबा. त्यासले गार लागस,” एवढं बोलून त्यांना रडू फुटलं.

यादव दारूगोळ्याच्या कारखान्यात हयात घालवून आता खासगी चौकशीची कामं घेत. जोडीला वनाभाऊ, निवृत्त तलाठी. चौकशी सुरू व्हायच्या आधीच गुन्हेगार ठरवून मोकळं होण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पाचोऱ्याजवळ विहिरींच्या सुरुंगाच्या वाती बनवायचा एक कारखाना होता. मंगळवारी दुपारी तिथल्या चाळणीच्या खोलीत दारू चाळताना भडका उडाला आणि धुरपदाबाईंच्या नवऱ्याचे, हिलालचे, दोन्ही हात भाजले. मालकाचं म्हणणं, त्याने आत बिडी पेटवली. उद्या सरकारी निरीक्षक आले की तोच जबाब लिहिला जाणार, आणि हिलाल दवाखान्यातून थेट कोठडीत जाणार.

“त्या बिडी पेतच नईत, आबा. मी तठेच झाडू मारस. भडका उडना तवय मीच धावत गऊ, वल्लं फडकं त्यास्ना हातवर टाकं.”

यादवांनी बाटलीकडे एकदा पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

“मालकच लबाड दिसतो,” वनाभाऊ वाटेतच म्हणाले.

कारखान्यात मालक देवचंदशेठ चिडलेले होते. “हवा कोरडी असती तर चाळणीच्या घर्षणाने ठिणगी पडली, हे मी मानलं असतं. पण काटा बघा ना!”

काटा कारखान्याच्या कचेरीतल्या भिंतीवर होता. चाळणीच्या खोलीत विजेची तार नेणं धोक्याचं, म्हणून तिथे बॅटरीवर चालणारी विटेएवढी पेटी ठेवलेली. ती हवेतला दमटपणा मोजून या काट्याला बिनतारी कळवायची. काटा पन्नासच्या खाली आला की काम बंद, असा नियम. मंगळवारी काटा चौसष्टवर होता.

“म्हणजे काटाच अडकलेला!” वनाभाऊ उसळले.

“अडकलेला नाही,” मुकादम चुडामणने वही पुढे केली. “रविवारी अठरावर उतरला होता. सुटी होती, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. सोमवारी सकाळी पुन्हा वर. जेवणाच्या सुटीनंतरही जरा चढतो.”

“पेटीची देखभाल कोण करतं?” यादवांनी विचारलं.

“बठ्ठे, सगळेच करतात, साहेब. परदेशी माल आहे. मी बजावून ठेवलंय, पेटी तापली तर बिघडेल, आणि बिघडली तर ज्याच्या पाळीत बिघडेल त्याची नोकरी गेली.”

“ती कशासाठी आहे, हेही सांगितलंत?”

चुडामण गोंधळला. “त्यांना काय कळणार?”

“भडका उडाला तेव्हा आत पाणी होतं?”

“छे! आत पाण्याचा थेंब नेऊ देत नाही. आगीसाठी दाराशी वाळूच्या बादल्या आहेत.”

चाळणीच्या खोलीच्या भिंती काजळीने काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. दाराजवळच्या फळीवर पेटी मात्र लख्ख होती. फळीच्या खिळ्यात एक हिरवा धागा अडकला होता. यादवांनी तो धागा अलगद सोडवून खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं उत्तर चुकावं असं त्यांना वाटत होतं.

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

“हिलालने बिडी पेटवली नाही,” ते म्हणाले. “हवा कोरडी होती, मे महिन्यात असते तशीच. रविवारचा अठरा हा आकडा खरा. कामाच्या दिवशी मात्र काटा खोलीची हवा सांगत नव्हता, फक्त पेटीभोवतीची सांगत होता.”

“पेटीभोवती वेगळी हवा कशी असेल?” वनाभाऊंनी विचारलं.

“भिंती काळ्या झाल्या, पेटी नाही. म्हणजे ती झाकलेली होती. आत पाणी नसताना हिलालच्या हातावर टाकायला ओलं फडकं कुठून आलं? ते पेटीवरच होतं. सकाळी झाडायच्या वेळी आणि जेवणानंतर कुणीतरी ते बाहेर भिजवून आणून पुन्हा गुंडाळत होतं, माठाला गुंडाळतात तसं. पेटी तापू नये म्हणून. काटा त्या फडक्याचा ओलावा दाखवत होता.”

यादवांनी धागा पुढे केला. सगळ्यांच्या नजरा बाटलीवरच्या हिरव्या फडक्यावर गेल्या.

धुरपदाबाईंनी बाटली छातीशी धरली. “मी तं ते जपत होतू, आबा... बिघडतं तं त्यास्नी नोकरी जाती.”

“तुमचा दोष नाही, अक्का.” यादव देवचंदशेठकडे वळले. “जिच्या नवऱ्याचा जीव त्या काट्यावर टांगलेला होता, तिला यंत्र जपायला सांगितलंत. यंत्र काय मोजतं, ते सांगितलं नाहीत. मी निरीक्षकांना हेच सांगणार आहे.”

वनाभाऊंना या वेळी गुन्हेगार ठरवता येईना.

धुरपदाबाईंनी बाटलीचं फडकं सोडलं. त्याची जळालेली कड त्यांनी बोटांनी चाचपली.

“मना नाव लिखा, आबा,” त्या म्हणाल्या. “पन त्यास्ना खिसामा बिडी नव्हती, हाई आधी लिखा.”

मग उघडी बाटली घेऊन त्या आत गेल्या. हिलालचे दोन्ही हात बांधलेले होते. पाणी त्यांनाच पाजावं लागणार होतं.