एकोणसाठ कार्डं

हायासेइतका विसराळू माणूस अख्ख्या कानाझावात नसेल, असं चिझुरूचं ठाम मत होतं. दर शनिवारी तिच्याशी प्राण्यांच्या कार्डांचा डाव खेळायचा आणि जाताना तिचं एक कार्ड स्वतःच्या डबीत घालून चालू पडायचं, ही कुठली रीत?

चोर नव्हता तो. त्याच्या कार्डांत धुकेकोल्हा नावाचा एक प्राणी होता. तो टेबलावर उतरला की समोरच्याचा एखादा प्राणी भुलून त्याच्याकडे जाऊन बसे, डाव संपेपर्यंत. डाव संपला की ज्याचं त्याला परत, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं. याला कळत नसे. पुढच्या शनिवारी निथळती छत्री दाराशी ठेवायची, दोनदा कमरेत वाकून माफी मागायची आणि कार्डाबरोबर अक्रोडाची मोची, म्हणजे तांदळाची मऊ मिठाई, पुढे करायची.

कानाझावात पाऊस कधीही येतो, म्हणून तिथे म्हणतात, जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. पहिल्यांदा वाऱ्यानं छत्री उलटली म्हणून तो तिच्या कार्डांच्या दुकानाचा जिना चढून आला होता. तेव्हापासून छत्री मात्र एकदाही विसरला नव्हता… हे चिझुरूनं ध्यानात ठेवलं होतं.

खेळायला प्रत्येकाकडे स्वतःची साठ कार्डं लागत. एक कमी, तर डाव नाही. गिऱ्हाईकं आठवडाभर तिला खेळायला बोलावत आणि ती म्हणे, एक कमी आहे, शनिवारी येईल.

सहाव्या शनिवारी तिनं आपल्या कार्डांना लालभडक कव्हरं चढवली. त्याची करडी. भातात मिरची दिसावी तसं दिसत होतं सगळं. तरी त्यानं तिचं पाऊसकासव उचललंच. लाल कडेवरून अंगठा एकदा हळूच फिरला — आणि डबी मिटली. तिनं ते पाहिलं. तिचे कान कव्हरांइतकेच लाल झाले.

पुढचा शनिवार मार्चमधला शेवटचा. बाहेर पावसात बर्फ मिसळलं होतं. हायासेनं कासव परत दिलं, खेळला, हरला. मग तिची कार्डं तिच्यासमोर एकेक करून मोजली. साठ. परवा सोमवारी दूर उत्तरेला हाकोदातेला जातोय, म्हणाला, कंपनीनं बदली केली.

"बघून घ्या. तुमचं काही माझ्याकडे राहायला नको."

"राहिलं तर?"

"तिथून दर शनिवारी द्यायला कसा येऊ?" तो टेबलाकडे बघत होता. "मी… विसरत नव्हतो."

"ठाऊक आहे. लाल रंग मलाही दिसतो."

तो उठला, छत्री घेतली. एवढंच? सहा मोच्या खाऊ घातल्या आणि देणंघेणं मिटवून निघाला माणूस? तिला रडू यायचं, तर आला राग. तिनं त्याची डबी ओढली, धुकेकोल्हा शोधून काढला आणि आपल्या लाल कार्डांमध्ये खुपसला.

"अहो-जाहो पुरे. भित्रा आहेस तू, हायासे. उचलायला हात धजतो, बोलायला तोंड उघडत नाही. या खणात दोनशे कार्डं पडलीत. त्यातलं कुठलंही एक घालून मला रोज कुणाशीही खेळता आलं असतं — सहा आठवडे नाही घातलं. आता तू एकोणसाठ घेऊन जा, आणि खबरदार, त्यात दुसरं काही घातलंस तर. साठावं माझ्यापाशी आहे. मेच्या सुट्टीत ये. मोची नको आणूस… बोलायचं राहिलंय, ते घेऊन ये."