शिवलिंगप्पाची खिडकी

आमच्या बाळीवेशीत मला थापाड्या म्हणतात, आणि त्यात थाप काही नाही. होटगी जंक्शनच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढली. दिवसभर तारा तपासायच्या आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून लोकांना काहीबाही सांगायचं, हा माझा शिरस्ता. सिग्नलची लाल काच गिळलेला कोंबडा मीच पाळला होता. त्यानं चोच उघडली की मालगाडी जागच्या जागी थांबायची. लोक ऐकायचे, हसायचे, चहा पाजायचे.

म्हणजे पुढचं तुम्ही कसं ऐकाल याची मला पूर्ण कल्पना आहे. पण आमच्या खात्याची एक शिस्त होती. बिघाड झाला की आधी काय होतं, मग काय झालं, हे क्रमानं लिहून काढायचं. कारण माहीत नसेल तर ती जागा कोरी सोडायची. तसंच लिहितो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी धाकट्या मेहुण्यानं मस्कतहून एक छोटा व्हिडिओ कॅमेरा आणून दिला. तळहातात मावणारा, करड्या रंगाचा, काडेपेटीएवढी कॅसेट घालायचा. आळीतलं एकही बारसं मी सोडलं नाही. त्या कॅमेऱ्याच्या डाव्या कुशीला एक पडदा होता, दारासारखा उघडणारा. तो उघडून उलटा फिरवला की समोरच्या माणसाला तो स्वतःच दिसायचा, आरशात दिसावा तसा. मी तेवढ्यापुरता मागच्या भोकाला डोळा लावायचो. त्या पडद्याला आळीत सगळे 'खिडकी' म्हणत. खिडकी फिरवल्याशिवाय कुणी धड उभंच राहायचं नाही, त्यामुळे कॅमेरा उचलला की खिडकी फिरवायची, ही माझ्या हाताला सवय लागली. डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती.

सगळ्यात हौशी म्हणजे माझा शेजारी शिवलिंगप्पा. शेंगाचटणीचं दुकान, दोन्ही हातांना कायम लसणाचा वास.

"प्रभूअण्णा, खिडकी फिरवा की," म्हणायचा. मग खिडकीत बघून उजव्या हाताच्या दोन बोटांनी टोपी सरळ करायचा आणि मगच हसायचा. खिडकीतल्या शिवलिंगप्पाचा हात अर्थात डावा, आरशातल्याचा असतो तसा. त्याला त्याची भारी गंमत.

"त्यो आतला डावखुरा हाय," एकदा म्हणाला. "पर माझ्यापरीस हुशार दिसतो. दुकानावर त्यालाच बसवावं."

"आणि तुम्ही?"

"मी जाऊन बसतो की आत. गार आसंल."

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत, सकाळी दुकान उघडता उघडता, शिवलिंगप्पा गेला.

आमच्यात माणूस गेला की त्याला निजवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातात त्याचं जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग ठेवतात. लोक येतात, पाया पडतात, आणि पुढे मातीतही त्याला बसलेलाच ठेवतात. शिवलिंगप्पाला त्याच्या घराच्या सोप्यात भिंतीला टेकवून बसवलं होतं. पटका बांधायचा असतो, पण मल्लव्वानं, त्याच्या बायकोनं, टोपीच घालायला लावली. टोपीशिवाय हे वळखायला येत न्हाईत, म्हणाली. टोपी घाईत घातलेली, उजव्या कानावर कलली होती.

त्यांची एकुलती मुलगी भुवनेश्वरी म्हैसूरला. आठवा महिना, डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलेलं.

"अण्णा, कॅमेरा आणा," मल्लव्वा म्हणाली. "पोरीला बाप शेवटचा दिसू दे."

मी आणला. दुपारचे साडेबारा झाले होते. बाहेर ऊन, आत सोप्यात सावली, उदबत्तीचा धूर. मी भोकाला डोळा लावला, बटण दाबलं आणि चार मिनिटं चित्र घेतलं. लोक येत होते, वाकत होते, बाजूला होत होते. शेवटी डोळा काढला तेव्हा शिवलिंगप्पाच्या गालावर निळसर उजेड दिसला. उदबत्तीचा नव्हे. चौकोनी.

खिडकी त्याच्याकडे फिरवलेली होती.

हातानं सवयीनं काम केलं होतं. आणि त्याचे डोळे अर्धे उघडे होते. सकाळपासून मिटत नव्हते.

मी खिडकी लावून टाकली. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. थोड्या वेळानं मठाचे स्वामी आले, त्यांनी वाकून पाहिलं. इष्टलिंग तळहातातून घरंगळून मांडीवर पडलं होतं. त्यांनी ते उचलून परत हातात ठेवलं.

दोन दिवसांनी भुवनेश्वरीसाठी सीडी करायची म्हणून मी ती कॅसेट टीव्हीवर लावली. पहिली तीन मिनिटं टोपी उजव्या कानावर. मग एक जाडसर बाई भिंगासमोरून गेली आणि क्षणभर चित्र झाकलं. ती बाजूला झाली तेव्हा टोपी सरळ होती. तळहात रिकामा होता आणि इष्टलिंग मांडीवर होतं.

सहा वेळा मागे नेऊन पाहिलं. त्या बाईचे दोन्ही हात पदर सावरण्यात गुंतलेले. शेजारी दुसरं कुणी नाही. टोपी ज्या कुणी सरळ केली त्यानं डावा हात वापरला होता, आणि त्या हातातलं त्याला आधी सांडावं लागलं होतं. सिग्नलवाल्याला एवढा हिशोब येतो.

सीडी मी पहिल्या तीन मिनिटांचीच केली आणि कॅसेट चुलीत घातली. टोपीबद्दल कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. थापा मारणाऱ्याला खरं काही दिसलं की त्याची वाचा बसते, हे मला तेव्हा कळलं.

अकराव्या दिवसाचे विधी उरकल्यावर मल्लव्वा आमच्याकडे आली. बसली नाही. दाराशीच उभी राहिली.

"अण्णा, ती खिडकी दावा की जरा."

"कशाला वैनी?"

"हे रोज त्यातच बघायचे. मलाबी बघू द्या एकदा."

नवीन विधवेला नाही कसं म्हणायचं? मी कॅमेरा काढला, खिडकी फिरवून तिच्यासमोर धरली. मागच्या भोकाला डोळा लावला नाही. धाडस झालं नाही म्हणा.

मल्लव्वा बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हितं कोण बसलंय?"

"तुम्हीच की, वैनी."

"मी तर हुभी हाय."

मी खिडकी खाडकन लावली.

ती घरी गेली आणि सोप्यात, भिंतीला टेकून, मांडी घालून बसली. त्याच जागी. लोकांना वाटलं, दुःख आहे, उठेल. बोलवलं तर बोलायची, भाकरी दिली तर चार घास खायची. आडवी मात्र होईना. मी रोज जायचो. तासातून एकदा तिचा डावा हात वर जायचा, दोन बोटं डोक्यावरच्या पदराला लागायची, पदर इकडचा तिकडे व्हायचा आणि हात खाली यायचा. बाकीच्यांना वाटे, बाई पदर नीट करतेय.

एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी सकाळी ती गेलेली होती. तिला बसवायला चार जण आले, पण बसवावं लागलं नाही.

कॅमेरा मी फोडला का नाही? हातोडी घेऊन दोनदा बसलो होतो. फोडल्यावर आतलं कुठे जाईल, हे मला माहीत नव्हतं. फेकला असता तर कुणीतरी उचलून खिडकी फिरवली असती. मग सिग्नलवाल्याचा मार्ग धरला: वीज तोडायची. बॅटरी काढून विहिरीत टाकली आणि कॅमेरा खात्याच्या जुन्या कोटात गुंडाळून लोखंडी ट्रंकेच्या तळाशी ठेवला. सतरा वर्षं तो तिथे होता. भुवनेश्वरीनं आईबापाचं घर विकलं. माझी बायकोही मधल्या काळात गेली. विसरलो होतो, असं म्हणवत नाही.

या मे महिन्यात माझी नात संस्कृती, नुकतीच बारावी झालेली, ट्रंकेत तिच्या बापाचा लहानपणीचा फोटो शोधत होती. मुलगा अमृत आणि सून दोघं चिंचोळीला कारखान्यात. दिवसभर घरात आम्ही दोघंच, बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत कूलरची घरघर. मला त्या दिवशी ती काही बोलली नाही. चार दिवसांनी घरी एक पार्सल आलं. पाचव्या दिवशी दुपारी झोपून उठलो तर ती सोप्यात उभी, कॅमेरा हात लांब करून स्वतःसमोर धरलेला, खिडकी स्वतःकडे.

"अज्जा, असला भारी कॅमेरा लपवून ठेवला होय? आता मुलं हेच जुने कॅमेरे शोधत फिरतात. नवीन बॅटरी मागवली, लगेच चालू झाला."

"ठेव तो खाली."

"का?"

मग मी सांगितलं. शिवलिंगप्पा, चार मिनिटं, गालावरचा उजेड, मल्लव्वा, एकोणीस दिवस. सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येईना. एक गोष्ट तेवढी तोंडातून निघाली नाही, टोपीची. सतरा वर्षं दाबलेली ती वर आलीच नाही.

संस्कृतीनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोंबड्याची जास्त चांगली होती."

"अगं, थाप नाही ही."

"कोंबड्याच्या वेळी पण हेच म्हणाला होता तुम्ही. शपथ घेऊन."

घेतली होती. सहा वर्षांची होती ती, आणि मी सिद्धरामेश्वराची शपथ घेऊन कोंबडा खरा केला होता.

"किती वेळ बघितलंस त्यात?" मी विचारलं.

"सकाळपासून. गच्चीवर पण नेला होता."

"गच्चीवर तू उभी होतीस?"

"मग काय, तापलेल्या फरशीवर बसणार?"

"आणि खिडकीत कशी दिसलीस? उभी का बसलेली?"

ती हसत होती. हसू तसंच राहिलं, पण डोळे जरा बाजूला गेले, काहीतरी आठवावं तसे.

"काय की," ती म्हणाली. "लक्ष नाही दिलं."

मी कॅमेरा तिच्या हातातून घेतला, बॅटरी उपसली आणि दोन्ही माझ्या उशीखाली ठेवलं. रात्री अमृतला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पोरीला तरी सोडा."

दोन दिवस मी तिच्यावर नजर ठेवली. ती जेवली, मोबाइलवर बोलली, गादीवर आडवी होऊन लोळली. आडवी झालेली बघून मला किती बरं वाटलं, ते कुणाला सांगणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जागा झालो तो कूलर बंद पडल्यानं. वीज गेली होती. घरात आवाज नव्हता.

सोप्यात आलो.

संस्कृती भिंतीला टेकून बसली होती. मांडी घातलेली, पाठ ताठ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. डावा तळहात उघडा, त्यात एक सुपारी. डोळे अर्धे मिटलेले.

मी हाक मारली. पापणी हलली नाही.

पुन्हा मारली. मी दाराची चौकट धरून खाली बसलो.

आणि ती फिसकन हसली.

"अज्जा, तुमचं तोंड बघा की. आता कळलं कसं वाटतं ते? त्या कोंबड्यानं मला आठवडाभर झोपू दिलं नव्हतं."

ती उठली. दोन पायांवर उभी राहिली, मी नीट पाहिलं. स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी आणलं, तांब्या माझ्या हातात दिला. मला रडू येत होतं आणि हसूही. थापाड्याची नात, दुसरं काय. मी पाणी प्यायलो. ती पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसली. भस्म कपाळावर तसंच होतं.

"पुसून टाक ते," मी म्हणालो.

"पुसते की."

तिचा उजवा हात मांडीवर मोकळा होता. उजवाच तिचा कामाचा हात, जेवायचा, लिहायचा.

डावा वर गेला. तळहातातली सुपारी घरंगळून फरशीवर पडली. हात कपाळापाशी थांबला नाही. त्याहून वर गेला, केसांच्या चार बोटं वर, जिथे काहीच नव्हतं. तिथे तिनं दोन बोटांनी काहीतरी हलकेच सरळ केलं.

मगच ती हसली.

"ऊठ, बाळ," मी म्हणालो. "इकडे ये माझ्याजवळ."

"उठते की, अज्जा," ती म्हणाली, आणि बसून राहिली.