कापलेली केळ पुन्हा उठते

"तिघंही खोटं बोलताय," मामा म्हणाला. "मला केळीतलं कळतं. सकाळी कापले असते, तर संध्याकाळी हे असे वर आले असते का?"

चिंगीचा चेहरा पडला. ती आणि धाकटा ढब्बू सुट्टीत मामाकडे आले होते. मामाचा मुलगा चष्मा लावून सगळ्यांना शिकवायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर. परसातल्या केळीशेजारी फुटणारी पिल्लं, म्हणजे मुनवे, कापायचं काम या तिघांकडे होतं. सकाळी त्यांनी अकराच्या अकरा मुनवे सपाट कापले होते. आता प्रत्येकातून बोटभर हिरवी सुरळी डोकावत होती.

"या केळीपायी शेजारी शिंपीकाकांच्या भिंतीला तडा गेलाय," मामाने बजावलं. तो वायरमन, दिवसभर शिडीवर असायचा, जमिनीकडे बघायला त्याला सवड नसे. "रविवारी सगळी केळ तोडतो. घडासकट."

"घड अजून कोवळा आहे रे मामा," चिंगी म्हणाली. पण तो आत निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मामा कामाला जाताच तिघं परसात आले.

"रोज कुणीतरी येऊन नवे लावून जातं," ढब्बू कुजबुजला.

"म्हणजे त्याला आपल्याहून जास्त काम आहे," मास्तर म्हणाला.

चिंगीने एक मुनवा कापला आणि कापलेल्या गोल भागावर पेनने आडवी रेघ ओढली. मग तिघं पालथे पडून बघत राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मास्तर जांभया देऊ लागला.

"रेघ तुटली," ढब्बू म्हणाला.

खरंच. कडेची रेघ जागच्या जागी होती. मधला तुकडा मात्र तांदळाच्या दाण्याएवढा वर सरकला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत तो नखभर वर आला. चिंगीने हळूच बोट लावलं. गार, ओलं. तिच्या अंगावर काटा आला.

"एवढा जोर आणतं कुठून?" मास्तरने विचारलं.

त्यांनी हातांनी माती उकरली. खाली पांढरा गड्डा होता, ढब्बूच्या डोक्याहून मोठा, आणि सगळे मुनवे त्यालाच चिकटलेले. दहा तर थेट भिंतीखाली घुसायला निघाले होते.

संध्याकाळी त्यांनी मामाला केळीपाशी बसवलं. "तूच काप, रेघही तूच ओढ. आणि उठायचं नाही."

"चहा संपेपर्यंत बसतो," मामा हसला.

दुसरा कप त्याच्या हातात तसाच निवला. मामा गुडघ्यांवर बसून, जमिनीला नाक लावून बघत होता.

रविवारी शिंपीकाका पहार घेऊन आले. भिंतीकडचे दहा मुनवे गड्ड्यापासून तोडून मुळासकट उपटले. वरवर कापून भागत नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. घडाला बांबूचा टेकू दिला. अकरावा, पलीकडच्या बाजूचा, तेवढा ठेवला.

"घड उतरला की ही आई संपणार," शिंपीकाका म्हणाले. "मग तिच्या जागी हा. भिंतीच्या दुखण्याचं मूळ कुणाला दिसलं नाही, पोरांनी नेमकं शोधलं हं."

मामाने हात झटकले आणि चिंगीकडे पाहिलं.

"खोटं तुम्ही नाही, मीच बोललो," तो म्हणाला. "मला केळीतलं कळतं म्हणालो होतो."