सिग्नलचा नकाशा

वायफायचा डबा खाली हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या कपाटावर. सुनेचं टेबल वरच्या मजल्यावर, पार शेवटच्या खोलीत. तिथपर्यंत पोचता पोचता सिग्नलचा जीव अर्धा व्हायचा. चार कांड्यांतली जेमतेम एक उरायची. ऐन मीटिंगमध्ये पडद्यावर सुनेचा चेहरा शिंक अडल्यासारखा गोठायचा. "आणखी एकदा असं झालं तर हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल," असं तिच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. गुरुवारी अकराला मोठं सादरीकरण होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि तिचा उतरलेला चेहरा सासऱ्यांना बघवत नव्हता.

"दुसरा डबा आणून वर लावू या ना, बाबा," ती म्हणाली.

"मोजल्याशिवाय?" सासरे म्हणाले.

चौतीस वर्षं जमिनी मोजण्यात घालवलेला माणूस. नात्यागोत्यात त्यांना मोजणीसाहेब म्हणत. त्यात अर्धी थट्टा असे, पण ते ती पूर्ण कौतुक म्हणून घेत. त्यांनी घरभर खडूने दोन-दोन फुटांचे चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात फोन धरून सिग्नलचा आकडा टिपला आणि सारखे आकडे रेघांनी जोडून नकाशा काढला, डोंगराचा काढतात तसा. खडू स्वयंपाकघरात शिरला तेव्हा बायको म्हणाली, "आता मी गॅसपर्यंत लंगडी घालत जाऊ का?"

नकाशा मात्र सुरेख उतरला. डब्याभोवती गोल रेघा, लांब जाताना विरळ होत गेलेल्या. फक्त जिन्याच्या वळणावर त्या सगळ्या आत ओढल्यासारख्या दबल्या होत्या, आणि तो खड्डा थेट सुनेच्या टेबलापर्यंत लांबला होता.

भिंतीत लोखंड असणार, म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने भिंत ठोकली, कान लावला, मान हलवली.

"भिंतीत काही नाही, साहेब. माणसाचं अंग मात्र सिग्नल अडवतं. मोजताना इथे कोणी बसलं होतं का?"

"इथे बसायला आहे कोण?"

तरी त्यांनी खातरजमा केली. बायकोला हॉलच्या मधोमध स्टुलावर बसवलं आणि तिच्या मागे मोजून पाहिलं. हुबेहूब तसाच खड्डा. वळणावरचा किंचित रुंद, एवढाच फरक.

"म्हणजे माझ्याहून जाड आहे," बायको म्हणाली. तिला बरं वाटलं.

मोजणीसाहेबांना वाटलं नाही. दुपारीच दुसरा डबा आणून त्यांनी तो वरच्या पॅसेजमध्ये लावला आणि पुन्हा मोजलं. वळण साफ झालं होतं. खड्डा आता पॅसेजमध्ये होता, नव्या डब्याच्या आणि सुनेच्या दाराच्या बरोब्बर मधे. त्यांनी डबा खिडकीत नेला; तासाभरात खड्डाही खिडकीपाशी आला. त्यांनी डबा परत पॅसेजमध्ये आणला; खड्डाही आला. रात्रीतून बांधाचे दगड सरकवणारे शेजारी त्यांनी नोकरीत ढिगाने पाहिले होते. पण दगड आपणहून कधी चालत आले नव्हते. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. त्यांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी जेवताना मीठ दोनदा मागितलं.

गुरुवारी अकरा वाजून सात मिनिटांनी सुनेचा आवाज तुटायला लागला.

"हॅलो? दिसतेय का मी? हॅलो?" आवाजात रडू दाटलं होतं.

मोजणीसाहेब पॅसेजमध्ये धावले. तिथे कोणी नव्हतं. हवा मात्र भरलेल्या खोलीतल्यासारखी कोंदट होती. त्यांनी मागेपुढे पाहिलं, घसा खाकरला. आपल्याला वेड लागलंय अशी त्यांची खात्री पटली होती, पण पोरीचं रडू त्याहून जवळ होतं. हात जोडून ते हळूच म्हणाले,

"अहो, जरा सरकता का? पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

काहीच झालं नाही.

मग जिन्याची वरची पायरी करकरली. मग तिच्याखालची.

खोलीत सुनेचा आवाज एकदम मोकळा, खणखणीत झाला.

बारा वाजता ती नाचतच बाहेर आली. "बाबा, काम माझ्याकडेच राहिलं! काय केलंत तुम्ही?"

"थोडं सरकवलं," ते म्हणाले.

काम संपलं की अखेरची मोजणी करायची, ही त्यांची जुनी शिस्त. संध्याकाळी ते पुन्हा फोन घेऊन निघाले. सुनेची खोली साफ. पॅसेज साफ. वळणही साफ. त्यांचा जीव भांड्यात पडला. जिना उतरून ते हॉलच्या दारात थांबले. फोनवर चारही कांड्या होत्या.

दाराकडे पाठ करून बायको सोफ्यावर टीव्ही बघत बसली होती.

"जरा सरका की," मान न वळवता ती म्हणाली. "केव्हाचे चिकटून बसलायत."

मोजणीसाहेब दारातच उभे होते.

सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली.

फोनवरची एक कांडी गेली.

मग दुसरी.