वरच्या मजल्यावरची तुकडी

“कुणी शिकवलं तुला हे? सांग! कुणी शिकवलं?”

उदयसिंहांचा आवाज कळंब्याच्या त्या बंगल्यात असा घुमला, की देवघरात वाती वळत बसलेल्या संयोगिताबाईंच्या हातातला कापूस खाली पडला. लगबगीने बाहेर येऊन बघतात तो, बारा वर्षांची त्यांची पुतणी अनुजा गणवेशातच भिंतीला टेकून उभी... डोळे काठोकाठ भरलेले, पण हनुवटी वर!

राजारामपुरीतली ती शाळा संयोगिताबाईंच्या सासऱ्यांनी काढलेली. आता धाकटे दीर, म्हणजे अनुजाचे वडील उदयसिंह, अध्यक्ष. कायद्याने मोफत प्रवेश मिळालेली वस्तीतली मुले येऊ लागली तेव्हा फी भरणाऱ्या पालकांनी कुरकुर केली, आणि त्या मुलांची ‘क’ तुकडी वरच्या मजल्यावर वेगळी बसू लागली. जिना वेगळा, मधली सुट्टीही वेगळी! आज सकाळी अनुजाने दप्तर उचलले, वर गेली आणि तिच्याच फुटबॉल संघातल्या क्रांतीशेजारी जाऊन बसली. पाठोपाठ अर्धा ‘अ’ वर्ग जिना चढला. “आम्हाला एकच वर्ग पाहिजे,” एवढेच मुले म्हणत राहिली, आणि शाळा सुटेपर्यंत जागची हलली नाहीत.

“मुख्याध्यापिका फोनवर रडाय लागल्यात! उद्याच्या उद्या हिला बोर्डिंगला धाडतो. पण हिचं डोस्कं कुणी फिरवलं, तेवढं मला कळू दे.”

अनुजाची आई भैरवी स्वयंपाकघराच्या दारात थिजली होती. अनुजाने बोलायला तोंड उघडले मात्र... संयोगिताबाई पुढे झाल्या.

“मी शिकवलं.”

खरे तर त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते! पण ही कोवळी पोर घरापासून तुटणार, या विचारानेच त्यांचे काळीज गलबलले होते.

“वैनी... तुम्ही?” उदयसिंहांचा आवाज एकदम खाली आला. आई गेली तेव्हा सहा वर्षांच्या ज्या दिराला या वहिनीने पोटाशी धरले, पुढे स्वतःचे कुंकू पुसले गेले तरी ज्याला सोडून त्या माहेरी गेल्या नाहीत, तोच दीर आज परक्यासारखा बघत होता. “मग ह्या घरात एक तर माझा शब्द चालंल, न्हायतर तुमचा!”

“तुझाच चालू दे, उदय. मी कबनूरला जाते भावाकडं. पण पोरीला घरातनं हलवायचं न्हाय.”

“थोरली आई!” अनुजा किंचाळली. संयोगिताबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, डोळ्यांनीच तिला गप्प केले, आणि त्या निघाल्या.

कबनूरला भावाच्या घरामागे यंत्रमागांची खडखड दिवसभर चाले. भावजय मायेची होती, काही कमी नव्हते... तरी शाळा सुटायची वेळ झाली की त्यांची नजर आपोआप दाराकडे वळे!

एका रविवारी दारात गाडी थांबली. अनुजा धावत येऊन त्यांच्या कमरेला बिलगली. मागून उदयसिंह आले आणि एवढा मोठा माणूस, आत न येता पायरीवरच बसला.

“खोटं का बोलला, वैनी?”

“पोरगी घरात राहावी म्हणून.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय रे, माझं झालंय आता...”

“झालंय म्हणं!” ते उसळून म्हणाले. “हिनं रडून रडून खरं सांगितलं. म्हटलं, मग शिकवलं तरी कुणी? तर म्हणती, तुम्हीच की, आबा!”

“व्हय की!” अनुजा म्हणाली. “मी रोज आबांसंगं त्यांच्या दूध डेअरीत जाते. वस्तीतलं दूध आमच्या कॅनात ओतू नका, म्हणून एक पावणं भांडत होतं. आबा त्याला काय ओरडलं म्हणून सांगू! ‘हितं दुधाची फॅट बघत्यात, आडनाव न्हाय! घालायचं तर घाल, न्हायतर घरला ने!’ मग दुधाला एक आणि पोरांना एक, असं कसं?”

“पोरगी खरं बोलली, वैनी. फी भरणारी सोडून जातील म्हणून भ्यालो मी.”

“आणि आता?”

“क तुकडी मोडली. चिठ्ठ्या टाकून सगळी मिसळली. काहींनी दाखले नेले... नेऊ देत!” त्यांनी वर वहिनींकडे पाहिले. “गणिताच्या बाई सोडून गेल्यात. लहानपणी मला गोवर झाला, माझ्यापायी ह्याच शाळेतली तुमची गणिताची मास्तरकी सुटली ती सुटलीच... मला ठाऊक हाय, वैनी. कधी बोललो न्हाय. चला की, शिकवा!”

संयोगिताबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. इतकी वर्षे कुणाला कळलेच नाही असे वाटत होते... आणि याला ठाऊक होते!

“ह्या वयात? गुडघे बोलत्यात माझे!”

“वर्ग खालीच घेतलाय!” उदयसिंह रडता रडता हसले.

सोमवारी संयोगिताबाई वर्गाच्या दाराशी पोचल्या, तर आत नुसता कल्ला!

“खिडकीजवळ मी पहिली बसलेय, ऊठ!” अनुजा ओरडत होती.

“पहिली म्हणं! तुझ्या आबांची शाळा हाय म्हणून काय खिडकी पण तुझीच?” क्रांती दप्तर गच्च धरून बसली होती. “न्हाय उठत, जा!”

दोघी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या आणि बाकीची मुले दोन्ही बाजूंनी चेव आणत होती. संयोगिताबाईंनी रागवायला तोंड उघडले... पण मग तशाच दारात उभ्या राहिल्या. भांडू देत थोडा वेळ, त्यांना वाटले. इतके हक्काचे भांडण या शाळेत त्यांनी फार वर्षांत ऐकले नव्हते!