जबड्याची बिजागरी

मी संग्रहालयात गेलो ते एका सांगाड्याला लोखंडी आधार द्यायला. वेल्डिंग हा माझा धंदा. सांगाडा पक्ष्याचा, पण माझ्याहून उंच. डोकं घोड्याएवढं, चोच कुऱ्हाडीसारखी. याला उडता येत नव्हतं, धावून शिकार करायचा, आणि माणूस जन्मायच्या कितीतरी आधी संपला, असं तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं. जबडा पक्का डकवा, म्हणाल्या. मी ऐकलं नाही. न हलणारा जबडा म्हणजे काय जबडा? पट्ट्या लावून बिजागरी बसवली. बोट लावलं की चोच अलगद उघडायची, मिटायची.

दुसऱ्याच सकाळी सांगाड्याखाली ओला गोळा सापडला. केस आणि उंदराची हाडं. मग एकदा कबुतराची पिसं. मग मांजराचा पट्टा, घुंगरासकट.

पहारेकरी माझा मेहुणा. अंगाने एवढासा, म्हणून सगळे त्याला अर्ध्या म्हणतात. बाई त्याच्यावर उखडल्या. "पुन्हा ही घाण दिसली तर रात्रभर आत बसून पहारा द्यायचा. नाहीतर नोकरी सोडा."

मी बाईंना विचारलं, गोळा कसला?

"शिकारी पक्ष्यांना केस-हाडं पचत नाहीत, आजोबा. ओकून टाकतात. घुबड शिरत असेल."

मांजर गिळणारं घुबड मी तरी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी दालन बंद करताना आम्ही दोघं सांगाड्यापाशी गेलो. उजेड उतरत होता. ओल्या पिसांचा वास येत होता. नुसत्या हाडांना पिसं कुठली? मी बिजागरीला हात लावला. लोखंड कोमट होतं.

"दाजी... बांधा ते तोंड."

"घाबरट. तुला गिळून त्याचं पोट तरी भरेल का?"

पण बांधलं. दोन्ही पट्ट्यांच्या भोकांतून जाड तार ओवून गाठ मारली. माझी गाठ पक्कड लावल्याशिवाय सुटत नाही.

सकाळी चोच उघडी होती. खाली गोळा. मला राहवेना, स्क्रू ड्रायव्हरने फोडला. आत माझी तार. कुठे तुटलेली नाही. गाठ जशीच्या तशी.

"बाकी काय आहे?" अर्ध्याने विचारलं.

बाकी काही नव्हतं. ना केस, ना हाड. पक्षी रात्रभर उपाशी होता.

"पुन्हा?" दारातून बाईंचा आवाज आला. "आज रात्री आत बसायचं तुम्ही."

अर्ध्या माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोक्याच्या वर चोच अलगद मिटली. बोट कुणी लावलं नव्हतं.