पान्हा कुणासाठी फुटला

दुपारचे तीन वाजत आले होते. धुतलेल्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून धाकटी दूध काढायच्या खोलीकडे निघाली. घरातली ती धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. तिचं तीन आठवड्यांचं बाळ गेले पाच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. न्यूमोनिया झाला होता. घशात श्वासाची नळी, नाकातून दुधाची. अंगावर पाजायची सोयच नव्हती, आणि काळजीनं तिचं दूध आटत चाललं होतं.

"थेंब आले तरी आणून द्या," सिस्टर बजावायच्या. "दर तीन तासांनी काढायचंच. खंड पडला की दूध रुसतं."

खोली बोळकांडीच्या टोकाला. एक खुर्ची, एक पंप, फिनेलचा वास आणि त्याखाली नासक्या दुधाचा. पंप घरघरत राहायचा, बाटलीचा तळही ओला व्हायचा नाही. ती बाळाचं झबलं नाकाशी धरून बसायची, उठायची, चार पावलं टाकून पुन्हा बसायची. जिवाला थारा म्हणून नव्हता.

त्या दुपारी भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. तान्ह्या मुलाचं, भुकेचं. रडून रडून घसा बसलेलं. धाकटीच्या छातीत कळ आली आणि पान्हा फुटला. एक बाटली भरली, दुसरी भरली. रडणं थांबलं, तसं दूधही थांबलं.

सिस्टर हरखल्या. "बघा! म्हटलं नव्हतं?"

"शेजारच्या खोलीतलं बाळ रडत होतं ना, त्यानंच..."

नावाची चिठ्ठी चिकटवणारा सिस्टरांचा हात थांबला. "शेजारी खोली नाही हो. ती बाहेरची भिंत. आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत."

"मग वॉर्डातून असेल..."

"वॉर्डात सगळी नळीवर. रडायला आवाज आहे कुणाला?"

बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंनी हे ऐकलं. "तू नको जाऊस तिथे परत. बाळाशेजारीच पडदा लावून काढ."

तिनं तसं करून पाहिलं. अर्धा तास पंप चालला, थेंब आला नाही. पेटीत बाळाची बरगडी न् बरगडी खालीवर होत होती. धाकटी उठली.

"कुठे निघालीस?"

"आई, दूध तिथंच येतं."

मग ती रोज जात राहिली. रडणं जवळ जवळ येत गेलं. एके दिवशी भिंतीच्या आतून, दुसऱ्या दिवशी कानाशी, आणि त्यानंतर थेट खुर्चीखालून. साडीची निरी कुणीतरी ओढत होतं... हळू, पण सारखं. धाकटीनं खाली पाहिलं नाही. पाहिलं तर आपण किंचाळू, आणि दूध थांबेल, एवढंच तिला कळत होतं. बाटली अजून अर्धी होती.

"थांब रे..." ती पुटपुटली. "आधी त्याचं होऊ दे. मग तुला देते."

रडणं तिथंच थांबलं. एखाद्या लेकरानं समजूत पटून गप्प व्हावं, तसं. दूध मात्र वाहतच राहिलं.

त्यानंतर त्या खोलीत कुणी रडलं नाही, आणि दुधाला तोटाही पडला नाही. बाळाच्या अंगावर मांस चढू लागलं. आठवड्यानं घशातली नळी निघाली, आणखी चार दिवसांनी सगळे घरी आले. सासूबाईंनी दारातच नातवाचे पटापटा मुके घेतले. धाकटी त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोपली.

घरी बाळ छान पिऊ लागलं, पण उजवीकडेच. डावीकडे घेतलं की मान फिरवायचं, घाबरल्यासारखं तिला बिलगायचं. डावी बाजू तटतटून दुखायला हवी होती. ती रोज सकाळी रिकामी असायची. धाकटीनं हे कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई तिला शेकायला बसल्या. पदर सारला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"अगं, हे काय? केवढं चावलंय बाळ!"

डाव्या बाजूला दातांचे बारीक ठसे होते. वर चार, खाली चार. मांडीवर बाळानं जांभई दिली. गुलाबी, गुळगुळीत हिरड्या.

धाकटी ठशांकडे बघत राहिली.

"काल खालचे दोनच होते, आई..."